अमेरिकेतील यादवी युद्ध : निमित्त, कारण आणि परिणाम

अमेरिकेतील यादवी युद्ध केव्हा सुरू झाले, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. १२ एप्रिल १८६१ रोजी पहाटे साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन बंदरात फोर्ट समटर या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, आणि त्या क्षणी एका राष्ट्राची दोन सैन्ये झाली. परंतु हे युद्ध का झाले, असा प्रश्न विचारला की उत्तर तितकेसे सोपे राहत नाही. विद्यार्थ्यांच्या पुस्तकात युद्धाची कारणे एक, दोन, तीन असे आकडे घालून मांडलेली असतात आणि त्यांच्याखाली परिणामही त्याच क्रमाने उभे केलेले असतात. जणू कारणे सारी सारख्याच वजनाची, आणि परिणाम जेथे युद्ध झाले त्या भूमीतच संपणारे! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपल्याकडे म्हणतात. फोर्ट समटरवरील तोफा हा तो कावळा होय. इतिहासाला पाहायचे असते ते हे की, फांदी आतून कोण पोखरत होते, किती वर्षे पोखरत होते, आणि ती मोडून पडली तेव्हा खाली कोण कोण सापडले.

त्यासाठी युद्धापूर्वी पाऊणशे वर्षे मागे जावे लागते. १७८७ मध्ये अमेरिकेची राज्यघटना तयार झाली, तेव्हा स्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्या त्या राष्ट्रात लाखो माणसे गुलाम होती. घटनाकारांना ही विसंगती टोचत नव्हती असे नाही. मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्दच त्यांनी येऊ दिला नाही. मात्र लोकप्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब त्याच घटनेने मान्य केला. त्याच वर्षी ओहायो नदीच्या उत्तरेकडील नव्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी करण्यात आली. उत्तरेकडील राज्ये एकामागून एक गुलामगिरी नाहीशी करणारे कायदे करीत होती. व्हर्जिनियात तंबाखूच्या पिकाने जमिनीचा कस उतरत चालला होता. यामुळे ही प्रथा हळूहळू आपोआप सुकून जाईल, अशी आशा अनेक विचारी माणसांना वाटत असे. अवघड प्रश्न काळावर सोपवून मोकळे होण्याचा मोह राज्यकर्त्यांना सर्वत्र असतो. तो त्यांनाही झाला.

काळाने उत्तर दिले ते अगदी उलटे. अमेरिकेच्या अंतर्भागात पिकणारा कापूस आखूड धाग्याचा असून त्याची रुई सरकीला घट्ट चिकटलेली असे. एक रत्तल रुई हाताने मोकळी करण्यात एका माणसाचा सारा दिवस जाई. दोन रुळांमध्ये कापूस दाबून सरकी काढण्याची चरकी हिंदुस्थानात फार प्राचीन काळापासून माहीत होती. परंतु त्या जातीची यंत्रे समुद्रकाठच्या लांब धाग्याच्या कापसालाच उपयोगी पडत. १७९३ मध्ये जॉर्जिया राज्यातील एका मळ्यावर राहत असताना ईलाय व्हिटनी या तरुणाने तारेचे दाते असलेले एक यंत्र तयार केले आणि पुढच्या वर्षी त्याचे एकस्व मिळविले. या यंत्रावर एक माणूस दिवसाला पन्नास रत्तलांपर्यंत रुई काढू शके. त्याच सुमारास इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या वाफेवर चालू लागल्या होत्या आणि त्यांची कापसाची भूक वाढत होती.

श्रम वाचविणारे यंत्र आले म्हणजे मजुरांची गरज कमी व्हावी, असे साध्या तर्काला वाटते. येथे घडले ते निराळे. सरकी काढणे सोपे झाले. पण पेरणे, खुरपणे आणि बोंडे वेचणे हे काम हाताचेच राहिले. जितकी रुई अधिक निघे तितका कापूस अधिक लावावासा वाटे, आणि जितका कापूस अधिक तितके गुलाम अधिक. १७९० मध्ये अमेरिकेत कापसाच्या काही हजारच गासड्या निघत. १८६० च्या सुमारास हे पीक चाळीस लाख गासड्यांच्या घरात गेले आणि देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक मोल एकट्या कापसाचे झाले. त्याच काळात गुलामांची संख्या सुमारे सात लाखांवरून साडेएकोणचाळीस लाखांवर गेली. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास कायद्याने बंदी झाली होती. पण त्यामुळे व्यापार थांबला नाही. तो घरातल्या घरात सुरू झाला. व्हर्जिनिया-मेरिलँडसारख्या जुन्या राज्यांतून सुमारे दहा लाख माणसे दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या कापसाच्या मुलुखात नेण्यात आली. कित्येक मालकांबरोबर गेली, कित्येक बाजारात विकली गेली. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या आणि मुले तिसऱ्याच, असे सहस्रावधी संसार या बाजाराने मोडले.

परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. युद्धाचे कारण ते यंत्र, असे म्हणणे म्हणजे माणसांना दोषमुक्त करून लाकडाला आणि तारेला आरोपी करणे होय. यंत्राने फक्त एक संधी दिली. ती संधी कोणाच्या पाठीवर उभी करायची, हा निर्णय मळेवाल्यांचा, त्यांना कर्ज पुरविणाऱ्या न्यूयॉर्कच्या पेढ्यांचा, कापूस उचलणाऱ्या लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचा आणि या साऱ्याला संमती देणाऱ्या कायदेमंडळांचा होता. कारणे आकाशातून पडत नाहीत. ती लहान लहान निर्णयांनी साठत जातात, आणि साठली म्हणजे नियतीसारखी दिसू लागतात.

पुढे या युद्धाची आणखी दोन कारणे आग्रहाने सांगितली जाऊ लागली : एक, आयात मालावरील जकात, आणि दुसरे, घटक राज्यांचे हक्क. दोन्हींत काही तथ्य आहे. जकातीवरून १८३२ मध्ये साउथ कॅरोलायनाने केंद्र सरकारला आव्हान दिले होते, हे खरे. पण १८५७ च्या कायद्याने जकातीचे दर कितीतरी वर्षांत नव्हते इतके खाली आले होते. दर उतरल्यावर युद्ध पेटावे, हे त्या कारणाने उलगडत नाही. राज्यांच्या हक्कांची गोष्टही अशीच. १८५० च्या कायद्याने पळून आलेले गुलाम पकडून परत देण्याची सक्ती उत्तरेकडील राज्यांवर करण्यात आली. ती सक्ती केंद्र सरकारने कठोरपणे राबवावी असा आग्रह दक्षिणेचा होता, आणि आपल्या राज्याच्या हक्कांचा आधार घेऊन तिला विरोध करीत होते ते उत्तरेचे लोक! तेव्हा हक्क म्हटले की पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे : हक्क कशाचा?

वादाचा खरा मर्मबिंदू होता पश्चिमेकडील नवी जमीन. १८२० मध्ये नकाशावर एक रेषा ओढून तिच्या उत्तरेस गुलामगिरी नको, असा समेट झाला होता. मेक्सिकोशी १८४६ ते १८४८ या काळात युद्ध होऊन अफाट प्रदेश हाती आला आणि तो समेट डळमळू लागला. १८५४ मध्ये कॅन्सस व नेब्रास्का या प्रदेशांसाठी ती रेषा पुसण्यात आली. कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंच्या टोळ्यांनी रक्त सांडले. गुलामगिरीचा विस्तार रोखण्यासाठी रिपब्लिकन पक्ष जन्मास आला. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक असू शकत नाही आणि नव्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही. १८५९ मध्ये जॉन ब्राउन याने हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला आणि तो फासावर गेला. तडजोडीची एकेक वाट अशी बंद होत गेली.

नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून आले. जेथे गुलामगिरी आहे तेथे तिला हात लावणार नाही, फक्त नव्या प्रदेशात ती पसरू देणार नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. मग एवढ्याने दक्षिणेने राष्ट्र का सोडावे? याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडते. गुलाम म्हणून बाळगलेल्या माणसांची बाजारातील किंमत त्या वेळी सुमारे तीन अब्ज डॉलर होती. देशातील रेल्वे आणि कारखाने यांत गुंतलेल्या एकत्रित भांडवलाहूनही ती अधिक भरत असे. विस्तार थांबला की ही किंमत उतरणार, नवी राज्ये गुलामगिरीविरहित आली की सेनेटमधील तोल जाणार, आणि मग आज ना उद्या मूळ प्रथेवरच घाला येणार, हे मळेवाल्यांनी अचूक ओळखले होते. लिंकन पदारूढ होण्यापूर्वीच सात राज्ये फुटून निघाली. आपला हेतू त्यांनी लपविला नाही. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असे मिसिसिपी राज्याने आपल्या जाहीरनाम्यातच म्हटले. आणि फुटलेल्या राज्यांच्या संघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मधील भाषणात गोऱ्या-काळ्यांची असमानता ही नव्या राज्याची कोनशिला असल्याचे सांगितले. वादी-प्रतिवादींच्या पुढील कैफियतींपेक्षा घटनेच्या वेळचा कबुलीजबाब अधिक विश्वासार्ह असतो, हा न्यायालयातील नियम इतिहासालाही लागू पडतो.

युद्ध चार वर्षे चालले आणि चालता चालता त्याचा अर्थ बदलला. प्रथम लिंकन यांचे ध्येय राष्ट्राची एकता टिकविणे एवढेच होते. पण उत्तरेचे सैन्य जवळ आले की मळ्यांवरील गुलाम रात्री-अपरात्री निसटून त्याच्या छावणीत दाखल होऊ लागले. मालकाच्या स्वाधीन करावे तर शत्रूचे बळ वाढते. ठेवून घ्यावे तर ते कोण, हे ठरवावे लागते. ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांनीच अशा रीतीने युद्धाचा प्रश्न बदलून टाकला. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी बंडखोर प्रदेशातील गुलाम मुक्त झाल्याची घोषणा केली. त्यानंतर सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय शिपाई उत्तरेच्या सैन्यात लढले. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. १४ एप्रिलला लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा अंत झाला. युद्धातील मृतांची संख्या सहा लाख वीस हजार अशी दीर्घकाळ मानली जात होती. अलीकडचे अभ्यासक ती सात लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक धरतात. डिसेंबर १८६५ मध्ये घटनेची तेरावी दुरुस्ती संमत होऊन गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली.

आता परिणामांची दुसरी वाट पाहू जाता अटलांटिक महासागर ओलांडावा लागतो. कापूस हा राजा आहे, त्याच्याशी युद्ध करण्याची कोणाची छाती नाही, अशी घोषणा साउथ कॅरोलायनाचे सेनेटर हॅमंड यांनी १८५८ मध्ये केली होती. ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेतून जाई. तो थांबला की ब्रिटन मुकाट्याने आपल्या बाजूने उभे राहील, असा दक्षिणेचा हिशेब होता. उत्तरेच्या आरमाराने बंदरे रोखली आणि कापूस खरोखरच थांबला. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या आणि १८६२ च्या अखेरीस सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगू लागली. तरीही ब्रिटन युद्धात उतरले नाही. इतकेच नव्हे, तर ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरमध्ये कामगारांची सभा भरून तिने लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र धाडले, आणि लिंकन यांनी त्याला कृतज्ञतेने उत्तर दिले. कामगारांचे मत सर्वत्र एकच होते असे नाही; पण रिकाम्या पोटी माणसे केवळ पोटाचाच विचार करतात, हे गृहीत त्या दिवशी खोटे ठरले.

अमेरिकेचा कापूस थांबताच ब्रिटिश व्यापाऱ्यांची नजर मिसर आणि हिंदुस्थान यांकडे वळली. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव तिपटी-चौपटीने चढले. आखूड धाग्याचा, केरकचरा मिसळलेला म्हणून ज्याला लँकेशायरचे कामगार नाके मुरडीत, तो ‘सुरती’ कापूसही हातोहात खपू लागला; भेसळ इतकी वाढली की १८६३ मध्ये मुंबई सरकारला तीविरुद्ध कायदा करावा लागला. त्याच वर्षी बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्याने देशावरून बंदराकडे माल उतरविणे सोपे झाले होते. युद्धाच्या काळात मुंबईला नेहमीपेक्षा सुमारे एक्याऐंशी कोटी रुपये अधिक मिळाले, असा अंदाज त्या काळापासून सांगितला जातो. पैसा आला, पण तो मुरावा कोठे? समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, नव्या बँका निघाल्या, आणि प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर त्यांचे शेअर दिवसागणिक वर चढू लागले. शेटजींपासून कारकुनापर्यंत सारे शहर सट्ट्यात बुडाले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपत आल्याची बातमी आली, कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायदे पुरे करण्याचा दिवस उगवला तेव्हा देणे देणारा कोणी उरला नाही. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या आठ लाख सोळा हजारांवर होती. १८७२ मध्ये ती सहा लाख चव्वेचाळीस हजारांवर आली.

शहराचा फुगा फुटला तो सर्वांना दिसला. खेड्यातील घसरण मंद होती, म्हणून अधिक घातक ठरली. पुणे आणि तेव्हाचा अहमदनगर जिल्हा हा काही वऱ्हाड-खानदेशासारखा कापसाचा मुलूख नव्हे. पण तेजीच्या दिवसांत तेथेही धान्याचे भाव चढले, गाडीवाल्यांना भाडी मिळाली, रेल्वेच्या कामावर मजुरी मिळाली आणि सावकाराने हात सैल सोडला. तेजी ओसरल्यावर भाव उतरले. नेमक्या त्याच काळात तीस वर्षांच्या मुदतीची जमीन-आकारणी संपून नवी आकारणी झाली आणि काही तालुक्यांत सारा सुमारे निम्म्याने वाढला. पीक उतरले तरी सारा रोकड भरायचा, रोकड सावकाराकडे, आणि सावकाराच्या हाती आता दिवाणी न्यायालयाचे हुकूमनामे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते हिसकावून त्यांची होळी केली. तीसाहून अधिक गावांत हे लोण पसरले. सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदावर लोकांचा रोख होता, ही त्या दंग्याची लक्षणीय बाजू होय. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. सुप्याचा दंगा अमेरिकेच्या युद्धामुळे झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; सारा, न्यायालये आणि सावकारी ही कारणे घरचीच होती. पण त्यांना धार आली ती दूरच्या युद्धाने चढविलेल्या आणि उतरविलेल्या बाजारामुळे, हेही विसरता येत नाही. मिसरमध्ये हीच तेजी-मंदी राजाच्या पातळीवर घडली : कापसाच्या पैशावर विसंबून काढलेली कर्जे फिटेनात, १८७६ मध्ये दिवाळे वाजले, आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौजा तेथे उतरल्या.

आणि ज्यांच्यासाठी म्हणून हे युद्ध अखेर लढले गेले, त्यांचे काय झाले? जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मन यांनी समुद्रकाठची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस चाळीस एकरांच्या तुकड्यांनी देण्याचा हुकूम काढला होता. लिंकन यांच्यानंतर आलेल्या अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यातील बहुतेक जमीन त्याच वर्षी जुन्या मालकांना परत केली. माणूस मोकळा झाला, पण त्याच्या पायाखाली जमीन नव्हती. तो जुन्याच मळ्यावर बटाईने राबू लागला. बी-बियाणे, औत आणि पोटाला दाणे दुकानदाराकडून उधार घेऊ लागला. आणि त्या उधारीपोटी उभे पीक गहाण पडू लागले. दुकानदाराला हवा असे कापूस, म्हणून पेरायचा कापूसच. चौदाव्या आणि पंधराव्या घटनादुरुस्तीने दिलेले नागरिकत्व आणि मताधिकार १८७७ मध्ये उत्तरेची फौज मागे घेतल्यानंतर दहशतीने आणि कायद्याच्या पळवाटांनी निकामी करण्यात आले. ते हक्क प्रत्यक्षात मिळण्यास १९६४ आणि १९६५ चे कायदे व्हावे लागले. १८७५ च्या सुमारास जॉर्जियाचा कृष्णवर्णीय बटाईदार आणि भीमथडीचा कुणबी यांना एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते. पण लिव्हरपूलच्या त्याच बाजारभावाची छाया दोघांच्या घरांवर पडत होती, आणि दोघांच्याही घामाची नोंद दुसऱ्याच्या वहीत होत होती.

मात्र या युद्धाने महाराष्ट्रात केवळ बाजारभावच पाठविले असे नाही. १८७३ मध्ये, सुप्याच्या दंग्यापूर्वी दोन वर्षे, जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कार्यात दाखविलेल्या औदार्याबद्दल आणि स्वार्थत्यागाबद्दल त्यांनी ते अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा अशी अपेक्षा त्यात व्यक्त केली. पुढे १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून त्यांनी कर्जाने आणि साऱ्याने पिचलेल्या कुणब्याची कैफियत मांडली. माणूस विकत घेण्याची प्रथा मोडणे आणि माणसाला कर्जाच्या वहीतून सोडविणे, ही दोन कामे वेगळी असली तरी एक पुरे केल्याने दुसरे आपोआप पुरे होत नाही, हे अमेरिकेच्या अनुभवातून जे दिसले ते फुल्यांना येथल्या शेतकऱ्याच्या दारातच दिसत होते. कापसाची तेजी चार वर्षांत आली आणि गेली. त्या युद्धाने जगापुढे टाकलेला प्रश्न मात्र, स्वातंत्र्य कायद्याने दिल्यावर ते जगण्यासाठी लागणारी जमीन, पत आणि प्रतिष्ठा कोणी द्यायची, हा प्रश्न, त्या तेजीहून कितीतरी दीर्घायुषी ठरला.